पाहुणे दाणा खात नाहीत

गेल्या वर्षी दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते. शेजारची आठ वर्षांची मुलगी धावत आली. "काका, तुमच्या भिंतीवर एक पक्षी बसलाय, तो थंडीने कुडकुडतोय." जाऊन पाहिलं तर थिरथिरा. कोळशासारखी काळी छाती, पोटाला गंजासारखा तांबूस रंग, आणि थोड्या थोड्या वेळाने शेपटीला एक बारीक थरथर.

ही थरथर थंडीची नव्हे. ती त्याची सवय आहे आणि तिच्यावरूनच त्याला हे नाव पडलंय. लडाख-तिबेटकडच्या उघड्याबोडक्या डोंगरांत घरटी करणाऱ्या या पक्ष्याला साताऱ्यातली ऑक्टोबरची सकाळ म्हणजे उबदारच. पण मुलीचा जीव राहीना. तिने घरातून मूठभर तांदूळ आणून भिंतीखाली टाकले. थिरथिरा खाली उतरला, तांदळाच्या दाण्यांमधून चाललेली एक मुंगी टिपली आणि परत भिंतीवर जाऊन बसला. तांदळाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

थंडीच्या दिवसांत "पक्ष्यांसाठी काय ठेवू?" असं लोक मला विचारतात, तेव्हा मी हीच गोष्ट सांगतो. हिवाळ्यात आपल्या परसात येणारे बहुतेक लहान पाहुणे किडे खाणारे असतात. धोबी, माशीमार, वटवटे, राखी कोतवाल यांच्यापैकी कुणालाही तुमचा तांदूळ नको असतो. दाणे खाणारे आपले चिमणी, मुनिया, होला, पोपट बारा महिने इथेच राहतात. दाणा खाणारे पाहुणेही आहेत, उदाहरणार्थ भारीट. पण ते थव्याने ज्वारीच्या शिवारात उतरतात, घराच्या अंगणात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपला हिवाळा उपासमारीचा नसतो. युरोपात, अमेरिकेच्या उत्तर भागात जमीन बर्फाखाली जाते, किडे दिसेनासे होतात, दिवस आठ तासांवर येतो. तिथे लोक चरबीचे गोळे आणि सूर्यफुलाच्या बिया टांगतात, कारण कडाक्याच्या रात्री तग धरायला लहान पक्ष्यांना त्याचा आधार होतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी ती रीत जरूर पाळावी. आपल्याकडे मात्र मार्गशीर्ष-पौषात गवताला बी असतं, शिवारात हुरडा असतो, उंबराला फळं असतात. तेव्हा पक्ष्यांना जगवायचं हा आपला उद्देश नाही. त्यांना आपल्या घराजवळ निर्धास्तपणे येता यावं आणि आपल्याला ते जवळून दिसावेत, एवढी सोय करायची. त्यासाठी करायच्या कामांचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग पालापाचोळा, आणि सगळ्यात शेवटी दाणा.

पाण्याचं परळ

पक्ष्यांसाठी पाणी उन्हाळ्यात ठेवायचं, असा आपला समज आहे. पण पावसाळ्यातली डबकी आटतात ती दिवाळीनंतर. तेव्हापासून पाण्याची गरज सुरू होते. शिवाय पक्ष्यांना पाणी नुसतं प्यायला लागत नाही, अंघोळीलाही लागतं. पिसं स्वच्छ आणि नीट बसलेली असली तरच त्यांत हवा धरून राहते आणि थंडीच्या रात्री अंगातली ऊब टिकते. म्हणून थंडीतही पक्षी अंघोळ करतात, बहुधा ऊन चढल्यावर दहा-अकराच्या सुमारास.

कुंभाराकडे मिळणारं मातीचं पसरट परळ सगळ्यात उत्तम. ते नाही मिळालं तर मोठ्या कुंडीखालची मातीची ताटली चालते. चिनी मातीची किंवा स्टीलची थाळी नको, तिच्यावर पाय घसरतात. खोली दोन इंचांहून जास्त नसावी आणि मधोमध एक-दोन खडबडीत दगड ठेवावेत, म्हणजे शिंपी किंवा चष्मेवाला यांच्यासारख्या इवल्या पक्ष्यांनाही उभं राहता येतं. बादली, टोपलं, अर्धवट भरलेला हौद यांत पडून लहान पक्षी बुडतात, म्हणून ही भांडी झाकून ठेवावीत.

परळ कुठे ठेवायचं याला फार महत्त्व आहे, आणि ते मी चुकूनच शिकलो. पहिल्या वर्षी मी ते जास्वंदीच्या झुडपाला अगदी लागून ठेवलं होतं. पक्ष्यांना आडोसा मिळेल असा विचार. तो आडोसा मांजरानेही हेरला. एका दुपारी परळाभोवती होल्याची करडी पिसं पडलेली दिसली. त्यानंतर परळ झुडपापासून सात-आठ फूट लांब, विटांच्या तीन थरांवर आलं. एवढ्या अंतरात मांजर उघड्यावर येतं आणि पक्ष्याला उडायला वेळ मिळतो. झुडूप फार लांबही नको, कारण ओल्या अंगाने पक्ष्याला लांब उडता येत नाही. अंघोळ झाल्यावर त्याला जवळच्या फांदीवर बसून पिसं सारखी करायची असतात.

पाणी रोज सकाळी बदलायचं. नुसतं ओतून नाही, नारळाच्या काथ्याने परळाची आतली कड घासून. डेंग्यू पसरवणारा डास पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो. पाणी ओतून दिलं तरी ती अंडी तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज घासणाऱ्याच्या घरी परळातून डास होत नाहीत. आठवड्यातून एकदा परळ कडक उन्हात पूर्ण वाळवावं. त्यासाठी दोन परळं ठेवा, एक वापरात आणि एक उन्हात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हेच गॅलरीत करावं. कठड्याच्या बाहेर टांगलेलं भांडं पडून खाली कुणाच्या डोक्याला लागू शकतं, म्हणून ते आतल्या बाजूलाच, जाड तारेच्या कड्यात बसवावं. पहिले आठ-दहा दिवस कुणी फिरकलं नाही तरी जागा बदलू नका. बुलबुल आधी येतात. एकदा बुलबुल प्यायले की बाकीच्यांची भीड मोडते.

पाचोळा जाळू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. त्याला एक पैसा लागत नाही, तरी सांगून पटवायला सगळ्यात अवघड तेच जातं.

थंडीत पानगळ सुरू झाली की सोसायट्यांत आणि बंगल्यांत रोज सकाळी खराट्याचा आवाज येतो. माळी झाडाखालची जमीन आरशासारखी स्वच्छ करतो, कोपऱ्यात ढीग लावतो आणि पेटवून देतो. धूर तर होतोच, पण त्या ढिगाबरोबर आपल्या पाहुण्यांचं जेवणही जळतं. कुजत्या पानांखाली वाळवी, गोमा, कोळी, भुंगेरे, अळ्या, कोष असं सगळं असतं. तेच या पक्ष्यांचं धान्य.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आंब्याखालचा पाचोळा झाडणं बंद केलं. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवून भोवती चार-पाच इंचांचा थर राहू दिला. पंधरवड्यात सातभाईंची टोळी त्या पाचोळ्याची रोजची गिऱ्हाईक झाली. त्यांचं काम बघत बसावं असं असतं. आठ-नऊ जण एका रांगेत पुढे सरकतात. प्रत्येक जण चोचीने एक पान उचलतो, मान झटकून ते बाजूला फेकतो आणि खाली डोकावतो. सुक्या पानांचा सारखा खसखस आवाज चाललेला असतो. एक जण मात्र खालच्या फांदीवर बसून राहतो, खात नाही, मान वळवत चौफेर पाहतो. शिक्रा दिसला की त्याच्या एका कर्कश ओरडण्यासरशी सगळी रांग झुडपात नाहीशी होते. थोड्या वेळाने पहारेकरी बदलतो. त्यांच्या मागोमाग दयाळ येतो आणि पानं उलटताना पळालेले किडे आयते टिपतो. भिंतीवरून थिरथिरा उतरतो. भारद्वाज आपली लांब शेपटी सावरत, पावलं मोजत आल्यासारखा येतो.

हे तुमच्याकडेही व्हावं असं वाटत असेल तर पुढचं करा. बागेचा एक कोपरा, चार बाय सहा फुटांचा असला तरी पुरे, न झाडता ठेवा. सगळीकडची पानं तिथेच आणून टाका. सोसायटीत असाल तर माळ्याला हुकूम सोडण्याआधी त्याच्याशी बोला. पाचोळ्याचं खत होतं हे त्याला आपल्याहून चांगलं कळतं. पाचोळा दिसला की तक्रार करणारे बहुधा रहिवासी असतात. समितीच्या बैठकीत एकदा बोलून त्या कोपऱ्यावर छोटी पाटी लावा. कीटकनाशकाची फवारणी थंडीपुरती तरी बंद करा. फवारलेल्या झाडावर किडे राहत नाहीत, आणि जे अर्धमेले राहतात ते खाऊन पक्ष्यांच्या पोटात विष जातं. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. बरेचदा तेवढं पुरतं, आणि उरलेला मावा शिंपी आणि वटवटे वेचतात.

गवतही सगळं कापू नका. एखादा पट्टा बी धरेपर्यंत, संक्रांतीपर्यंत, तसाच वाढू द्या. ठिपकेवाल्या मुनिया गवताच्या काडीला लटकून, काडी वाकवत बी खातात. कुठलाही विकतचा दाणा त्यांना त्याहून प्रिय नसतो. आणि झुडपांशेजारी हातभर जागेत माती भुसभुशीत आणि कोरडी ठेवा. चिमण्या तिथे खळगे करून धुळीत अंघोळ करतात. सगळ्या अंगणाला फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेल्या घरात चिमणीला हे सुख मिळत नाही.

दाणा द्यायचाच असेल तर

द्या, पण थोडा आणि नियमाने. रात्रभर लहान पक्षी अंगातली चरबी जाळून ऊब राखतात, त्यामुळे उजाडताच त्यांना कडकडून भूक लागते. दाण्याची वेळ ती, सूर्योदयानंतर लगेच. एका घराला एक मूठ पुरते. दहा वाजेपर्यंत संपेल इतकंच टाकायचं आणि उरलेलं झाडून उचलायचं. संध्याकाळी शिल्लक राहिलेला दाणा उंदीर-घुशींना बोलावतो.

बाजरी सगळ्यात चांगली. राळे, तांदळाची कणी, भरडलेली ज्वारीही चालते. दाणा स्वच्छ आणि कोरडा हवा, बुरशीचा वास आला तर टाकून द्या. फरसाण, शेव, चिप्स, खारे दाणे, बिस्किटं, फोडणीचा भात यांपैकी काहीही देऊ नका. मिठाचा निचरा करणं लहान पक्ष्यांच्या शरीराला जड जातं. दूध देऊ नका, पक्ष्यांना ते पचत नाही. पावाने पोट भरतं, पोषण होत नाही.

आपल्या जुन्या रीतींपैकी एक मला फार शहाणी वाटते. कोकणात नवरात्र-दसऱ्याला भाताच्या नव्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधतात, त्याला नवं म्हणतात. चिमण्या त्या लोंब्यांना लटकून दाणे टिपतात. देशावर ज्वारी-बाजरीची कणसं अशीच वापरता येतात. पाच-सहा कणसांची जुडी सुतळीने बांधून व्हरांड्यात किंवा गॅलरीत, डोक्याहून उंच टांगा. चिमणी आणि मुनिया कणसाला लटकू शकतात, कबुतराला ते जमत नाही. विष्ठाही दाण्यात पडत नाही.

कबुतरांबद्दल मी स्पष्टच बोलतो. पारव्यांना पोत्याने दाणे घालणं ही पक्ष्यांची सेवा नाही. फुकटच्या अन्नावर त्यांची संख्या वाढते, ते वळचणी आणि खिडक्यांच्या खाचा बळकावतात आणि लहान पक्ष्यांना दाण्यापर्यंत पोचू देत नाहीत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. २०२५च्या जुलैत मुंबईत कबुतरखाने बंद करायला सुरुवात झाली, तेव्हा बराच क्षोभ झाला. लोकांची श्रद्धा मला समजते, पण त्या कारवाईमागचं कारण खरं आहे. तुमच्याकडे पारवे येत असतील तर जमिनीवर दाणा टाकणं पूर्ण थांबवा. दीड इंच घराच्या जाळीचा छोटा पिंजरा करून, त्याला चारही बाजूंनी जाळी ठेवून, दाण्याची वाटी आत मधोमध ठेवा. चिमणी आणि मुनिया जाळीतून सहज ये-जा करतात, पारवा बाहेर राहतो.

दाण्याची जागा आठवड्यातून एकदा ब्रशने घासून, धुऊन वाळवा. एकाच जागी खूप पक्षी येतात तिथे रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. एखादा पक्षी पिसं फुगवून, डोळे मिटून, माणूस जवळ गेला तरी न उडता बसलेला दिसला, तर दोन आठवडे दाणा बंद ठेवा, म्हणजे गर्दी पांगते. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले आढळले तर उघड्या हाताने शिवू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला होता. हा धोका कल्पनेतला नाही.

फळांचं काम सोपं आहे. पिकलेल्या पपईची किंवा पेरूची फोड सालासकट फांदीच्या खुंटाला खोचून ठेवा. बुलबुल, साळुंकी, तांबट येतील, नशीब असेल तर हळद्याही. सूर्य मावळायच्या आत साल उचलून टाका, नाहीतर रात्री मुंग्या आणि उंदीर ताबा घेतात.

शिंजिरांसाठी साखरेचं पाणी टांगण्याची टूम हल्ली निघाली आहे. मी ती सुचवत नाही. ते पाणी आपल्या हवेत दिवसभरात आंबतं, आणि रंग घातलेलं तर देऊच नये. शिंजिरांना फुलं द्या. अडुळसा, जास्वंद आणि कोरांटी कुंडीतही येतात. जागा असेल तर शेवगा लावा. फुललेल्या शेवग्यावर सकाळी शिंजीर, चष्मेवाले आणि बुलबुल एकाच वेळी दिसतात. केळफुलावर तर शिंजीर हक्काने येतो. आंब्यावर बांडगूळ असेल आणि झाड धडधाकट असेल तर ते सगळं तोडू नका. त्याची फुलं शिंजिरांची आणि फळं फुलटोच्याची.

मांजा आणि काच

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लांब काठी घेऊन आपल्या आवारातल्या झाडांवरचा मांजा काढणं हे कुठल्याही दाण्याहून मोठं पुण्य आहे. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि महिनोन्‌महिने फांद्यांत लटकत राहतो. अडकलेला पक्षी दिसला तर मांजा ओढू नका, ओढल्याने तो पंखात आणखी रुततो. पक्ष्यावर सुती फडकं टाका, अलगद धरा, दोन्ही बाजूंनी मांजा कात्रीने कापा आणि पक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी मरतो.

मोठ्या काचेवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी थेट येऊन आपटतात. काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर पांढरे ठिपके काढले की हे थांबतं. एखादंच मोठं चित्र चिकटवून उपयोग नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो. आपटून बेशुद्ध झालेला पक्षी अंधाऱ्या खोक्यात तासभर शांत ठेवला तर पुष्कळदा सावरतो आणि उडून जातो.

आता बघायला बसा

दुर्बीण नसली तरी चालेल. घ्यायचीच असेल तर ८ बाय ४२ ची घ्या. एका ठरलेल्या खुर्चीवर, सूर्य पाठीशी येईल असं, उजाडल्यापासून नऊपर्यंत कधीही वीस मिनिटं बसा. दुपारी चारनंतरही चांगली वेळ असते, कारण रात्रीची बेगमी करायला सगळे पुन्हा बाहेर पडतात. भडक कपडे टाळा, बोट दाखवू नका, पहिली पाच मिनिटं हलू नका.

अनोळखी पक्षी दिसला की लगेच पुस्तक उघडू नका. तो उडून जाईल आणि तुम्ही चित्रं चाळत राहाल. आधी आकार मनात पक्का करा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच, शेपूट, आणि तो बसला कुठे व काय करत होता. रंग सगळ्यात शेवटी. कारण रंग फसवतो. शेपूट सारखी वरखाली हलवत ओल्या जागी चालणारा धोबी रंग न दिसताही ओळखता येतो. उघड्या फांदीवरून हवेत झेप घेऊन, किडा पकडून परत त्याच फांदीवर येणारा इवला पक्षी बहुधा माशीमार असतो, आणि शेपूट उचलताना तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसलं तर तो लाल कंठाचा माशीमार. कंठ लाल फक्त वयात आलेल्या नराचा, म्हणून आधी शेपूट बघा. कुंपणाच्या दाट झुडपातून नुसतं "चक्, चक्" ऐकू येतं आणि काहीच दिसत नाही, तेव्हा वटवट्यांपैकी कुणी आलेलं असतं. त्याचा पाठलाग करू नका, मोबाइलवर त्याची साद वाजवून त्याला बाहेर काढू नका. दुसरा नर आपल्या हद्दीत आला असं समजून पक्षी हैराण होतो.

या दिवसांत आवर्जून पाहावं असं एक दृश्य म्हणजे जांभळ्या शिंजिराचं कपडे बदलणं. विणीच्या काळात हा नर निळा-जांभळा झळकतो. पावसाळा सरताना त्याची चमक जाते आणि तो मादीसारखा मळकट पिवळा दिसू लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टी उरते. पौष-माघात पुन्हा एकेक चमकदार पीस येऊ लागतं. अर्धा मळका, अर्धा जांभळा असा तो तेव्हा विटक्या रंगाच्या भिंतीसारखा दिसतो. दर आठवड्याला त्याचं वर्णन लिहा. महिन्याभरात तो कसा पालटला हे तुमच्याच अक्षरात वाचायला मिळेल.

वही ठेवाच. तारीख, वेळ, हवा, पक्षी, संख्या आणि एक ओळ काय केलं त्याची. फोटोपेक्षा ही ओळ मोलाची. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. वही सुरू करायला तो मुहूर्त चांगला. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. त्यात आपल्याच अंगणात किमान पंधरा मिनिटं बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे. नाव ठरत नसेल तर मर्लिन हे मोफत अॅप मदत करतं, पण त्याचं उत्तर आपल्या डोळ्यांनी पडताळल्याशिवाय वहीत उतरवू नका.

फेब्रुवारीत संध्याकाळी मान वर करायला विसरू नका. पळसमैनांचे थवे मुक्कामाच्या झाडांकडे जाताना आकाशात एखादी चादर झटकावी तसे वळतात. सोलापूरकडे यांना भोरड्या म्हणतात. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेले हे पक्षी ज्वारीवर उतरतात म्हणून शेतकरी त्यांना हाकलतो, पण नाकतोडे आणि टोळही ते तितक्याच आवडीने खातात.

मार्चमध्ये ऊन तापू लागतं आणि पाहुणे एकेक करून निघतात. चिमण्यांसाठी पेटी लावायची असेल तर त्याच्या आधीच, माघात लावा. भोक सव्वा इंचाचं, म्हणजे साळुंकी आत शिरणार नाही. उंची आठ-दहा फूट, सावलीत, पंख्यापासून लांब. परळ मात्र उचलू नका, आता ते पावसाळ्यापर्यंत लागणार आहे.

आमच्या भिंतीवरचा थिरथिरा यंदा २८ मार्चला शेवटचा दिसला. शेजारच्या मुलीने तिच्या वहीत ती तारीख लाल शाईने लिहिली आहे. तुमच्याकडे तो कधी येतो आणि कधी जातो, ते तुम्हीही लिहून ठेवा.